शेजारच्या फोल्डरातले नातेवाईक

जावककाका पुस्तक लिहिताहेत ही बातमी सोसायटीत पसरली, तेव्हा लोकांनी धसका घेतला तो मजकुराचा. फोटोंची भीती कुणालाच वाटली नाही. खुद्द जावककाकांना तर नाहीच नाही.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात होते. त्यातली एकतीस जावकमध्ये. आलेला कागद कुणीही नोंदवेल, पण गेलेला कागद नेमका कुठे गेला हे सांगायला माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं. आणि ते मत ते जिन्यात, लिफ्टमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीतही मांडत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाकीट चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं. पाकिटाच्या आत काय आहे हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तो वेगळा विभाग.

पुस्तक होतं ताईचं. ताई म्हणजे तिघा भावंडांत थोरली. तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना कुटुंबाचा छापील इतिहास हातात द्यायचा, प्रत्येक माणसाचा फोटो आणि खाली दोन ओळी, अशी योजना. दोन बोटांनी टाइप करत जावककाकांनी पाच महिन्यांत ती तडीस नेली. एकूण फोटो अडतीस.

त्यातला चौथा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. आई-वडील खुर्च्यांवर बसलेत आणि मधे सात वर्षांची ताई उभी आहे. ताईने फोनवर सांगितलं होतं, "धाकट्या, बाकी काहीही छाप. मला तेवढा एक फोटो बघायचाय. डोळे आहेत तोवर." त्या फोटोची एकच प्रत शिल्लक होती आणि ती होती दादांकडे. दादा म्हणजे मधला भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. आता अडचण अशी, की दादा आणि जावककाका चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कुणाच्या तरी लग्नात जेवता जेवता दादा म्हणाले होते, "याचं काय, याने आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं चिकटवली." पंगतीतले सगळे हसले होते. जावककाका पानावरून उठले नाहीत, कारण गोड पदार्थ यायचा होता. पण बोलणं मात्र त्या क्षणापासून बंद. फोटो शेवटी दादांच्या बायकोमार्फत, म्हणजे थोरल्या वहिनींमार्फत आला. पाकिटावर दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'परत करणे.'

फोटो कॉम्प्युटरवर चढवले, त्यांना एक ते अडतीस क्रमांक दिले आणि जावककाका ते पुस्तकात टाकायला बसले. तिथे कॉम्प्युटरने विचारलं: चित्र आत घालायचं की चित्र जोडायचं? चौतीस वर्षं ज्या माणसाने 'सोबत जोडले आहे' याच शब्दांवर पगार घेतला, तो दुसरं काय निवडणार? त्यांनी अडतीस वेळा 'जोडा' केलं. पानोपानी नातेवाईक दिसू लागले. जावककाकांना भरून आलं.

भरून आल्यावर माणूस आवराआवर करतो. फोटो कॉम्प्युटरच्या दर्शनी भागात उघड्यावर पडले होते. त्यांनी 'महत्त्वाचे' नावाचं फोल्डर केलं, त्यात 'कुटुंब', त्यात 'ताई', त्यात 'फोटो', आणि सगळे तिथे नीट ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पुस्तक उघडलं तर आत एकही नातेवाईक नाही. अडतीस रिकाम्या चौकटी. प्रत्येकीत कोपऱ्यात लाल फुली, आणि खाली त्या फोटोचा पूर्ण पत्ता.

"पत्ता आहे आणि माणूस नाही?" जावककाका कपाळाला हात लावून म्हणाले. "आमच्या ऑफिसात असं उत्तर कुणी दिलं असतं तर त्याला मेमो गेला असता."

वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना बोलावलं गेलं. हे पूल बांधणारे इंजिनिअर. त्यांनी तीन मोठे पूल बांधले होते आणि ते तिन्ही अजून उभे होते, एवढ्या भांडवलावर सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर, गिझर आणि पोटदुख्या त्यांच्याकडे येत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली घेतला, पुन्हा सरकवला.

"तुमच्या पुस्तकात फोटो नाहीतच."

"कालपर्यंत होते!"

"कालही नव्हते. पुस्तकात फक्त पत्ते आहेत. पान उघडलं की पुस्तक त्या पत्त्यावर जातं, फोटो उचलतं आणि तुम्हाला दाखवतं. तुम्ही फोटोंचं घर बदललंत. पुस्तक जुन्या घरी जाऊन दार वाजवतंय."

जावककाका हबकले. पाकिटात पत्र नाही, नुसता वर पत्ता! पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना या व्यवस्थेबद्दल आदरही वाटला. सगळं काही पत्त्यावर चालतं, असं ते इतकी वर्षं म्हणतच होते.

"मग फोटो आतच का घालत नाही?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"फाइल फुगते, वहिनी," इंजिनिअर म्हणाले.

"फुगू दे की. पंचाहत्तर वर्षं आहेत त्यात."

यावर इंजिनिअर आणि जावककाका दोघंही हसले. दोन जाणते पुरुष हसतात तसं. काकूंनी कुकर लावला.

इंजिनिअरांचा सल्ला असा की पूर्ण पत्ता देणं हीच मुळात घोडचूक. पुस्तक उद्या छापखान्यात जाईल, तिथे 'महत्त्वाचे' कुठून येणार? म्हणून पत्ता आखूड ठेवायचा: 'शेजारच्या फोटो नावाच्या फोल्डरातला क्रमांक सतरा', बस. पुस्तक जाईल तिथे शेजारचं फोल्डर सोबत न्यायचं. जावककाकांना हे पटलं. त्यांनी अडतीस पत्ते पुन्हा लिहिले.

मग तळमजल्यावरच्या संगीताच्या बाई आल्या. त्यांनी ऐकलं होतं की फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवली तर छपाईत सगळं बोंबलतं. त्यांच्या क्लासचं प्रमाणपत्र असंच 'सुरेल' आणि 'वाटचाल' या दोन शब्दांच्या मधून गायब झालं होतं. जावककाकांनी मोकळ्या जागा काढल्या. औषधाच्या दुकानदाराने गोळ्या देता देता सांगितलं की नाव मराठीत नको, यंत्र बिथरतं. जावककाकांनी नाव इंग्रजीत केलं. मग पुन्हा इंजिनिअर धावत आले. पत्त्यातली तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली हवी की डावीकडे, यावर त्यांचा मुलाशी फोनवर वाद झाला होता आणि निकाल लागला नव्हता. दोन दिवस ती रेघ रोज सकाळी उजवीकडे आणि संध्याकाळी डावीकडे झुकत राहिली.

या सगळ्यात चूक होऊ नये म्हणून जावककाकांनी एक वही सुरू केली. 'चित्र जावक नोंदवही.' रकाने सहा: अनुक्रमांक, व्यक्ती, नातं, जुना पत्ता, नवा पत्ता, शेरा. शेरा या रकान्यात मावशीपुढे 'दोनदा तपासली' असं लिहिलेलं पाहून काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

छापखान्याचे मालक भले गृहस्थ होते, पण त्यांचा एक फॉर्म होता. मागे कुणाच्या तरी पुस्तकात प्रस्तावना उलटी छापली गेल्यापासून त्यांनी कायदाच केला होता: लेखकाने प्रत्येक पानावर सही करायची, मजकूर तपासल्याची वेगळी आणि चित्रं तपासल्याची वेगळी. इतर लेखक या फॉर्मवर चिडत. जावककाकांना मात्र आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. "तिसरी प्रत कोणाकडे जाते?" त्यांनी विचारलं. मालकांनी आदराने त्यांच्यासाठी खुर्ची मागवली.

ऑपरेटरबाईंनी पेनड्राइव्ह घेतला, काहीतरी खटखट केलं आणि तासाभराने तपासणीच्या प्रती काढून दिल्या. त्यांत फोटोंच्या जागी करड्या चौकटी होत्या आणि चौकटीत आखूड पत्ता.

"तपासणीला चित्रं काढत नाही आम्ही," मालक म्हणाले. "शाई वाया जाते. चित्राचा पत्ता येतो. तो जुळला की चित्र आलंच म्हणून समजा."

हे वाक्य जावककाका स्वतःच म्हणाले असते. त्यांनी घरी बसून दोन दिवस वही आणि प्रती शेजारी ठेवून, लाल पेन्सिलने, पत्ता न पत्ता जुळवला. क्रमांक तेवीस दोनदा पडला होता, तो त्यांनी पकडला. मालक म्हणाले, "साहेब, असा लेखक आम्हाला पहिल्यांदाच मिळाला." हे काकूंना तीन वेळा सांगण्यात आलं. मग जावककाकांनी चित्रं तपासल्याच्या अडतीस सह्या केल्या, तारखेसह.

समारंभाच्या दिवशी सकाळी गठ्ठे थेट ताईच्या इमारतीतल्या हॉलवर आले. साठ प्रती, खाकी कागदात, सुतळीने बांधलेल्या.

"एक उघडून बघा तरी," काकू म्हणाल्या.

"सीलबंद आहे," जावककाका म्हणाले.

प्रकाशन दादांच्या हस्ते ठरलं होतं, तेही ताईने परस्पर ठरवलेलं. दादा कडक इस्त्रीच्या कपड्यांत आले. जावककाकांकडे न बघता त्यांनी थोरल्या वहिनींना विचारलं, "पुस्तक तयार आहे का?" जावककाकांनी काकूंना सांगितलं, "तयार आहे म्हणावं." हे दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभे होते.

गठ्ठे सुटले, प्रती वाटल्या गेल्या. दादा माइकपुढे उभे राहिले. मुख्याध्यापकांना माइक लागत नाही. पण समोर आला तर ते सोडतही नाहीत. त्यांनी वाचायचा चष्मा लावला, आणि त्या चष्म्यातून त्यांना एका वेळी एकच ओळ दिसे. ती ते खणखणीत आवाजात वाचू लागले. चित्रं बघायला बाकीचे सगळे होते.

"'आमचे वडील,'" दादांनी वाचलं. "'दिवसभर शांत असत. पण एकदा का कोसळले की सगळं घर धुऊन निघे.'"

वर, अर्ध्या पानावर, पांढरी शुभ्र फ्लशची टाकी होती.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. दादांनी पान उलटलं. "'आई. बाहेरून गार वाटे, आत सगळी ऊब.'" पंधरा लिटरचा गिझर, दोन वर्षांच्या हमीसह. आता मागच्या रांगेत खुर्च्या हलू लागल्या. दादांना वाटलं, लोकांना मजकूर भिडतोय. त्यांनी आवाज चढवला.

"'भावोजी! यांचं स्थान घरात अढळ! अडीअडचणीला लहानथोर सगळे यांच्याकडेच धावतात!'"

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी आपलं पान पाहिलं. चकचकीत कमोड होता, झाकण उघडं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कमोडच होता.

जावककाकांच्या हातातली प्रत बंदच होती. लोक खिदळताहेत हे कळून त्यांनी ती उघडली. 'मावशी. हिच्या पोटात काही राहत नसे.' वर स्वयंपाकघरातलं सिंक. 'ताई. हिने आम्हा भावंडांवर मायेचा वर्षाव केला.' वर शॉवर. अगदी शेवटी, क्रमांक अडतीसला, 'प्रस्तुत लेखक. लहान असला तरी याच्यावाचून अडतं, असं आई म्हणे.' तिथे होता रबरी वॉशर, अर्धा इंची. पत्ते सगळे बरोबर होते. प्रत्येक पानावर.

दादांना थांबवायला हवं होतं. पण चार वर्षं न बोललेल्या माणसाला थांबवायचं कसं? जावककाकांनी काकूंना खुणावलं, काकूंनी थोरल्या वहिनींना. थोरल्या वहिनी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या.

"'दादा,'" दादांनी स्वतःचं पान काढलं आणि इथे त्यांचा आवाज किंचित मऊ झाला, कारण धाकट्याने आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "'शिक्षकी पेशाच्या पहिल्या वर्षी. यांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे ऐकू येई. आम्हाला त्याचा धाक होता आणि आधारही.'"

त्यांनी चष्मा काढला. आपला तरुणपणचा चेहरा बघायला म्हणून काढला. समोर निळ्या रंगाचा पाण्याचा पंप होता. अर्ध्या हॉर्सपॉवरचा.

दादांनी पुस्तक मिटलं, माइकशेजारी ठेवलं आणि न जेवता निघून गेले. थोरल्या वहिनी मागोमाग धावल्या. जाताना त्यांनी आपली प्रत पर्समध्ये घातली, एवढं जावककाकांनी पाहिलं.

आणि ताई? ताई चौथं पान उघडून बसली होती. जावककाका तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. पानावर भिंतीतला नळ होता; एका बाजूला लाल चावी, दुसऱ्या बाजूला निळी, मधे बाक दिलेली तोटी. खाली ओळ होती, 'आई-वडील आणि मधे ताई.'

"ताई, मी... सगळे पत्ते मी स्वतः..."

"गप रे." ताईने पानावरून बोट फिरवलं. "लाल वडील. निळी आई. मधे मी. दोघांचं भांडण झालं की माझ्यातूनच यायचं सगळं." आणि ती इतकी हसली की भावोजींनी तिच्यासाठी पाणी आणलं. ते पाणी बघून ती आणखीच हसली.

तेवढ्यात काकूंनी पर्स उघडून एक पाकीट काढलं. आत मूळ फोटो होता. "मी बरोबर घेतला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आत असलेला बरा." ताईने तो दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांजवळ नेला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात उलगडा झाला. ऑपरेटरबाईंनी पुस्तक आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. फोटोंचं फोल्डर उतरवताना कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाचं फोल्डर इथे आधीच आहे, काय करू? बाई म्हणाल्या, असू दे. ते आधीचं फोल्डर होतं नळ, पंप आणि न्हाणीघराचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माहितीपुस्तकाचं. त्यातही चित्रांना नावं एक, दोन, तीन अशीच.

"तुमच्या पुस्तकाने शेजारच्या फोल्डरात सतरा नंबर मागितला," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याने आपला सतरा दिला. मशीन कशाला तक्रार करेल?"

मालकांनी सह्यांचा फॉर्म पुढे केला नाही. नुसता टेबलावर सरळ करून ठेवला. ते पुरेसं होतं.

घरी आल्यावर काकूंनी जावककाकांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या, सगळी चित्रं निवडली आणि 'आत घाला' केलं. दूध तापायच्या आत काम संपलं. फाइल फुगली. कुणाचंही काही बिघडलं नाही. पुस्तक ताईच्या पेनड्राइव्हवर, भावोजींच्या फोनवर, इंजिनिअरांच्या कॉम्प्युटरवर, जिथे उघडावं तिथे वडील वडिलांसारखे दिसू लागले.

नवी आवृत्ती छापायची ठरली. जावककाकांनी घरोघरी पत्रं पाठवली: जुनी सदोष प्रत जमा करून नवी प्रत घेऊन जावी. दहा दिवस गेले, पंधरा गेले. एकही प्रत आली नाही. फोन केले, तर कुणाची प्रत सापडत नव्हती, कुणाची शेजाऱ्यांनी वाचायला नेली होती. मावशीच्या सुनेने तर सरळ सांगितलं, "सिंकचं पान फ्रेम केलंय. ते सोडून बाकीचं चालेल का?" जावककाकांचा पडलेला चेहरा उठायला तयार नव्हता. ते फिरायला जाईनासे झाले. वॉशर म्हणून ओळखला जाण्यापेक्षा माणसाने घरात बसावं.

एका संध्याकाळी बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. दारात दादा उभे होते, काखेत पुस्तक. चार वर्षांत पहिल्यांदा. जावककाका उठून उभे राहिले. पळून जावं तर घराला दार एकच होतं.

दादा आत आले, बसले, काकूंनी दिलेला चहा बशीत ओतून संपवला. मग चष्मा लावून त्यांनी आपलं पान काढलं.

"हे तूच लिहिलंयस? धाकाचं आणि आधाराचं?"

थेट विचारलं होतं. मधे कुणी नव्हतं. जावककाकांनी सवयीने काकूंकडे पाहिलं, मग समोर. "हो. मीच."

"हं." दादांनी चष्मा काढला, आणि आता त्यांची नजर वरच्या चित्रावर गेली. "नव्या आवृत्तीत माझा फोटो टाकतोयस, असं हिने सांगितलं."

"टाकला. आत घातलाय. आता हलायचा नाही."

"काढ."

"काढू?"

"शाळेतली जुनी मुलं येताहेत घरी, पुस्तक बघायला. रोज दोन-तीन. हसून हसून लोळतात, आणि म्हणतात, सर, अगदी तुम्हीच. पंपच राहू दे." दादा उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. पुस्तक उघडून त्यांनी चित्राखालच्या बारीक अक्षरांवर नख टेकवलं. त्यांचा स्वर दुखावलेला होता.

"पण धाकट्या, अर्धा हॉर्सपॉवर? मी? निदान दीडचा तरी टाक."